वाढीचा वेग : प्रस्तावना

नागपूरहून वर्ध्याला निघालं की सेलूच्या अलीकडे केळझर लागतं. इथला सिद्धिविनायक विदर्भाच्या अष्टविनायकांपैकी एक. गावाची त्याहून जुनी ओळख म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी. बकासुराकडे रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस जायचा, मग एके दिवशी माणसाच्या जागी भीम गेला, ही कथा इथल्या पोरांच्या कानावर अगदी लहानपणी पडते. त्या कथेत देहाचं माप अन्नात होतं. राक्षस आडदांड, कारण तो खातो. भीम त्याला पुरून उरतो, कारण तोही खातो. आमच्या ओपीडीत बुटक्या मुलाला घेऊन आलेल्या आईचं पहिलं वाक्यही तेच असतं : "काही खातच नाही जी हा." मागं उभी असलेली आजी लगेच सांगते, "याचा बापही दहावीपर्यंत असाच होता, मंग एकदम वाढला."

दोघींच्या म्हणण्यात तथ्य आहे. अन्नावाचून कुणी वाढत नाही आणि उंची बापाकडून, आईकडून येते. पण काही मुलं पोटभर खाऊनही वाढत नाहीत, धिप्पाड मामा-काकांच्या घरात जन्मूनही वाढत नाहीत, आणि 'वाढेल हळूहळू' म्हणता म्हणता त्यांचं वाढीचं वय निघून जातं. हे पुस्तक त्या मुलांसाठी आहे. वाचायचं आहे ते मात्र त्यांच्या आईबापांनी, अंगणवाडीताईंनी, शिक्षकांनी आणि गावातल्या डॉक्टरांनी. विषय ग्रोथ हार्मोनचा, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाचा आहे. तरी सुईपासून सुरुवात करणं मला पटत नाही. सुरुवात मोजपट्टीपासून करायला हवी.

मूल जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर लांब असतं. पहिल्या वर्षात ते आणखी २५ सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्या वर्षात १२ च्या आसपास. पुढं वेग उतरत जातो आणि चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत तो वर्षाला ५ ते ६ सेंटिमीटरवर स्थिरावतो. मुली मुलांच्या दोनेक वर्षं आधी झपाट्यानं वाढू लागतात आणि आधीच थांबतात. हे आकडे पाठ झाले नाहीत तरी चालेल, एक मात्र लक्षात ठेवावा : चार वर्षांनंतर आणि वयात येण्याआधी एखादं मूल वर्षभरात ४ सेंटिमीटरही वाढलं नाही, तर त्याची तपासणी व्हायलाच हवी. ते वर्गातलं सर्वांत बुटकं मूल असो की मधल्या रांगेतलं, त्यानं फरक पडत नाही. बुटक्या आईबापांचं ठेंगणं मूल दरवर्षी सहा सेंटिमीटर वाढत असेल, तर ते बहुतेक निरोगीच आहे. मधल्या रांगेत उभं राहणारं, पण दोन वर्षांत जेमतेम पाच सेंटिमीटर वाढलेलं आणि अधूनमधून डोकं दुखतं म्हणणारं मूल मला जास्त काळजीत टाकतं. मेंदूच्या तळाशी वाढणारी गाठ कधी कधी अशीच पहिल्यांदा कळते.

म्हणून उंची एकदा मोजून भागत नाही. दोन मोजमापांमध्ये निदान सहा महिन्यांचं अंतर हवं, आणि दोन्ही वेळा माप नीट घेतलेलं हवं. नीट म्हणजे कसं, ते इथंच सांगतो, कारण सगळा घोळ इथंच होतो. चपला आणि मोजे काढायचे. मुलीची वर बांधलेली वेणी किंवा क्लिप सोडायची. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, गुडघे सरळ, नजर समोर. डोळ्याची खालची कड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. हनुवटी वर करून उंच व्हायचा मोह प्रत्येक मुलाला होतो, तो हळूच मोडायचा. मग डोक्यावर पाटी काटकोनात टेकवायची आणि आकडा मिलिमीटरपर्यंत लिहायचा. दोन वर्षांच्या आतलं मूल असेल तर त्याला झोपवून लांबी मोजायची. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं पाय. शक्यतो दर वेळी सकाळीच मोजावं, कारण दिवसभर उभं राहून मणके दाबले जातात आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर कमी भरू शकते. वर्षाला पाच सेंटिमीटरच वाढायचं असतं तिथं एका सेंटिमीटरची चूक म्हणजे अडीच महिन्यांची वाढ हिशेबातून गेली.

आता संप्रेरकाकडे येऊ. मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत, वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते, जिला आपण पिट्युटरी म्हणतो. तिच्या पुढच्या भागातून १९१ अमिनो आम्लांच्या साखळीचं हे प्रथिन रक्तात सोडलं जातं. सोडायचं कधी आणि रोखायचं कधी हे वरून हायपोथॅलॅमस ठरवतो. सोडवणारा संदेश वेगळा, रोखणारा वेगळा. त्यामुळे हे संप्रेरक दिवसभर एकसारखं झरत नाही. ते लाटांनी येतं, आणि सर्वांत मोठ्या लाटा गाढ झोपेत उठतात. म्हणून दुपारी बारा वाजता एकदाच रक्त घेऊन केलेल्या ग्रोथ हार्मोनच्या चाचणीला काडीचाही अर्थ नसतो. निरोगी मुलातही त्या वेळी आकडा शून्याजवळ येऊ शकतो. अशा चाचणीचा कागद हातात घेऊन घाबरलेले पालक वारंवार भेटतात, म्हणून हे ठासून लिहितो आहे. खरी चाचणी क्लोनिडीनची गोळी किंवा ग्लुकागॉनचं इंजेक्शन देऊन ग्रंथीला चाळवून होते. मूल उपाशीपोटी असतं, दर अर्ध्या तासाला रक्त घेतलं जातं, क्लोनिडीननं ते गुंगतं आणि त्याचा रक्तदाब उतरतो, त्यामुळे उशाशी कुणी तरी लागतं. ही चाचणी जाणत्या ठिकाणीच करावी.

रक्तात आलेलं संप्रेरक यकृताला आणि हाडांना कामाला लावतं. यकृत आयजीएफ-१ नावाचा दुसरा पदार्थ बनवतं, आणि दोघं मिळून लांब हाडांच्या टोकांशी असलेल्या कूर्चेच्या पट्टीवर काम करतात. मुलाच्या मनगटाचा एक्स-रे उजेडासमोर धरला की ही पट्टी हाडाच्या टोकाजवळ काळ्या रेघेसारखी दिसते. तिथं पेशी रांगेनं वाढतात, फुगतात, मागच्या रांगेचं हाड होतं आणि हाड लांबत जातं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन ही पट्टी बुजवतं, मुलींमध्ये आणि मुलांमध्येही. काळी रेघ नाहीशी झाली की उंची संपली. पुढं कितीही संप्रेरक टोचलं तरी हाड लांब होत नाही.

केळझरहून वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्याला पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. मुलांना १६५ सेंटिमीटर लागतात. १६३ वर अडकलेला एकोणीस वर्षांचा पोरगा बारला लोंबकळतो, जाहिरातीतली पावडर दुधातून घेतो आणि शेवटी विचारतो, "सर, इंजेक्शन आहे म्हणतात ना?" त्याच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर पट्ट्या मिटलेल्या असतात. त्याला 'नाही' म्हणणं सोपं असतं, त्याच्या डोळ्यांत बघून म्हणणं अवघड. पावडर विकणारे त्याला खरं सांगणार नाहीत, म्हणून या पुस्तकात त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. आणि आठव्या-नवव्या वर्षी त्याची उंची कुणी दोनदा मोजून लिहिली होती का, हा प्रश्न त्या प्रकरणात पुन्हा पुन्हा येतो.

भुकेचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं ठेंगणी आढळली. या एवढ्या मुलांमध्ये ग्रोथ हार्मोन कमी असतं का? नाही. कुपोषित मुलाच्या रक्तात ते अनेकदा नेहमीपेक्षा जास्त सापडतं, आयजीएफ-१ मात्र तळाला गेलेलं असतं. विहिरीवर मोटार धडधडते आहे आणि पाणी दांडातच मुरून जातं, शेवटच्या वाफ्याला पोचत नाही, असं ते आहे. यकृताला पुरेसं अन्न, विशेषतः प्रथिनं मिळाली नाहीत, तर वरून कितीही हुकूम आले तरी ते पाळू शकत नाही. अशा मुलाला संप्रेरकाची सुई देणं म्हणजे पैशाची नासाडी आणि मुलाची फसवणूक. त्याला अंडं, डाळ, दूध, स्वच्छ पाणी, जंतांचं औषध आणि गरोदरपणी नीट जेवलेली आई हवी असते. वऱ्हाडातली तूर आणि चणा वऱ्हाडातल्याच मुलांच्या ताटात रोज का पोचत नाहीत, हा प्रश्न माझ्या विषयाच्या हद्दीबाहेरचा आहे असं मी मानत नाही.

भूक बाजूला काढल्यावरही संप्रेरकाच्या आधी बरंच तपासायचं उरतं. थायरॉइड मंदावलेली असू शकते. गहू न सोसणारं आतडं असू शकतं. मूत्रपिंडाचा जुना आजार, सिकलसेल, हृदयातलं छिद्र, दम्यासाठी वर्षानुवर्षं घेतलेलं स्टेरॉइड, यांतलं काहीही वाढ रोखतं. सिकलसेल आपल्या विदर्भात नवा नाही. काही मुलं नुसती उशिरा वयात येतात. आजीनं सांगितलेला बाप त्यांतलाच, आणि तिथं आजीचं निदान बरोबरच ठरतं. हे सगळं गाळून झाल्यावर जी थोडी मुलं उरतात, त्यांच्यात संप्रेरकाची खरी कमतरता सापडते.

ही मुलं दिसतात कशी? जन्मताना बहुधा नेहमीसारखीच, कारण पोटातली वाढ या संप्रेरकावर फारशी अवलंबून नसते. काहींची साखर जन्मल्याबरोबर एकदम उतरते, काहींची कावीळ लांबते, आणि त्या खुणा त्या वेळी विसरल्या जातात. मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून वेग पडतो. अंगाचं प्रमाण नीट असतं, चेहरा वयापेक्षा लहान, पोटावर थोडी चरबी, आवाज बारीक. बुद्धी मात्र वयाप्रमाणे. आठव्या वर्षी चौथीतल्या गणितात पुढं असलेलं मूल बालवाडीतलं वाटतं, आणि लोक त्याला तसंच वागवतात, उचलून घेतात, त्याच्याशी बोबडं बोलतात. ते त्याला फार लागतं. माझ्या मते उपचारांचं निम्मं कारण तिथंच आहे.

पश्चिम भारतातली एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. हायपोथॅलॅमसचा संदेश पकडणाऱ्या पीयूषिकेतल्या ग्राहकाचं एक जनुक असतं. त्यात ७२ व्या जागी बिघाड झाला की साखळी तिथंच तुटते, ग्राहक तयारच होत नाही आणि संदेश ऐकायला कुणी उरत नाही. हा बिघाड १९९६ मध्ये भारतीय उपखंडातल्या एका कुटुंबात पहिल्यांदा सापडला, दोनच वर्षांत सिंधमधल्या कुटुंबांतही सापडला, आणि पुढं मुंबईच्या डॉक्टरांना तो पश्चिम भारतातल्या मुलांमध्ये पुन्हा पुन्हा दिसला. आईबाप दोघंही एकेक बिघडलेली प्रत घेऊन निरोगी जगतात. दोन्ही प्रती एकाच मुलात आल्या की आजार दिसतो. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि अशा घरात हा योग जास्त जुळतो. हे कुणाला दोष द्यायला लिहिलेलं नाही. एका घरात एक मूल असं निघालं तर धाकट्या भावंडांची उंची पहिल्यापासून मोजत राहावी, एवढंच सांगायचं आहे. शिवाय ही मुलं उपचारांना फार चांगली साथ देतात.

सगळा ठेंगणेपणा संप्रेरकाचा नसतो, हे समजायला नागपूरच्या ज्योती आमगे यांच्याकडे बघावं. १६ डिसेंबर २०११ ला, त्यांच्या अठराव्या वाढदिवशी, गिनीजनं त्यांची उंची ६२.८ सेंटिमीटर मोजली आणि जगातली सर्वांत ठेंगणी हयात स्त्री म्हणून नोंद केली. पुढं त्या अमेरिकन मालिकेत अभिनेत्री म्हणून झळकल्या. त्यांच्या उंचीमागं अकाँड्रोप्लेझिया, म्हणजे कूर्चेच्या पट्टीचाच जन्मजात दोष असल्याचं सांगितलं जातं. पट्टीच ऐकत नसेल तर संप्रेरकाचा हुकूम कितीही मोठा असला तरी निष्फळ. २०१८ च्या जानेवारीत त्या इजिप्तमध्ये पिरॅमिडसमोर तुर्कस्तानच्या सुलतान कोसेन यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. कोसेन यांची उंची २५१ सेंटिमीटर. त्यांच्या पीयूषिकेतल्या गाठीतून संप्रेरक पाझरत राहिलं, पट्ट्या वेळेवर मिटल्या नाहीत, आणि २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात किरणोपचारानं ती गाठ शांत करावी लागली. हीच गाठ मोठेपणी, पट्ट्या मिटल्यावर झाली, तर उंची वाढत नाही. हातपाय, जबडा आणि जीभ वाढतात, अंगठी बोटातून निघत नाही, चपलेचा नंबर बदलतो. बकासुराच्या गावात असा कुणी दिसला तर त्याच्या खाण्यावर बोट ठेवू नये, त्याला हार्मोनच्या डॉक्टरकडे पाठवावं.

उपचारांचा इतिहास आशा आणि शोक दोन्हींचा आहे. जनावरांचं ग्रोथ हार्मोन माणसाला चालत नाही. म्हणून १९५६ मध्ये चो हाओ ली यांनी मानवी पीयूषिकेतून ते वेगळं केलं, आणि १९५८ मध्ये बोस्टनच्या मॉरिस रेबेन यांनी ते टोचून एका मुलाची उंची वाढल्याचं दाखवलं. एका मुलाला वर्षभर पुरेल इतकं औषध काढायला शवविच्छेदनातल्या कितीतरी ग्रंथी लागत. सरकारं त्या गोळा करत, औषध रेशनसारखं वाटत, आणि आईबाप रांगेत उभे राहत. मग १९८५ मध्ये कळलं की त्या ग्रंथींतल्या काहींमधून मेंदू पोखरणारा क्रॉइट्झफेल्ट-जेकब आजार मुलांच्या अंगात गेला होता. तो वीस-तीस वर्षांनीही उफाळत राहिला. एकट्या फ्रान्समध्ये शंभराहून अधिक जण गेले. ज्यांची उंची वाढली म्हणून घरात आनंद झाला होता, तीच पोरं. त्याच १९८५ च्या ऑक्टोबरात अमेरिकेनं जिवाणूंकडून बनवून घेतलेल्या संप्रेरकाला परवानगी दिली. आज केळझरच्या मुलाच्या मांडीत जे टोचलं जातं ते या दुसऱ्या जातीचं; त्यात कुणाच्या शवाचा अंश नाही. पालक धोका विचारतात तेव्हा मी हा इतिहास लपवत नाही. तो पूर्ण सांगितल्यावर त्यांचा विश्वास वाढतो असाच माझा अनुभव आहे.

औषध रोज रात्री, झोपण्याआधी, कातडीखाली, मांडीवर किंवा पोटावर जागा बदलत द्यायचं. सुई बारीक असते. पहिल्या आठवड्यात आई रडते, मूल रडत नाही. खरी कमतरता असेल तर वर्षाला ३-४ सेंटिमीटर वाढणारं मूल पहिल्या वर्षात ८ ते १० सेंटिमीटर वाढतं. पायजमे आखूड होऊ लागले की घरातलं वातावरणच बदलतं. पण औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं, मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या पुढं जातो, आणि खर्च वर्षाला लाखाच्या पुढं जाऊ शकतो. मूल वाढतं तशी मात्रा वाढते आणि बिलही. हे वर्षानुवर्षं कोण पेलणार? २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात ग्रोथ हार्मोनची सिद्ध झालेली कमतरता आणि टर्नर सिंड्रोम यांची नोंद आहे, आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्या धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. अर्ज करावेत, पाठपुरावा करावा. पण केळझरहून मुंबई फार लांब पडते. याच जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी वैद्यकीय महाविद्यालय उभं केलं, आणि तिथल्या आरोग्य विम्याची वर्गणी खेड्यांतून ज्वारीच्या रूपात गोळा होत असे. थोडं थोडं सगळ्यांनी देऊन एखाद्याचा मोठा खर्च उचलायची रीत या मातीत रुजलेली आहे. दुर्मीळ आजारांसाठी ती पुन्हा उभी करता येणार नाही असं मला वाटत नाही.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. जगभर ठेंगणेपणासाठी डॉक्टरकडे मुलं जास्त आणली जातात, मुली कमी, आणि आणल्या तरी उशिरा. मुलगी बुटकी असली तर 'नाजूक आहे' म्हणून चालून जातं. पंधराव्या वर्षी पाळी आली नाही म्हणजे मग धावपळ. त्यांतल्या काही जणींना टर्नर सिंड्रोम असतो, दोन एक्स गुणसूत्रांपैकी एक नसतं किंवा अर्धवट असतं. साधारण दोन ते अडीच हजार मुलींमागं एकीला हे असतं, म्हणजे तालुक्यात एकटी-दुकटी नव्हे. त्यांना ग्रोथ हार्मोनचा फायदा होतो, पण लवकर सुरू केलं तरच. म्हणून या पुस्तकात एक नियम मोठ्या अक्षरांत छापला आहे : कारण न कळणारी कोणतीही ठेंगणी मुलगी असो, तिची गुणसूत्रं तपासा. मुलीला पोलीस भरतीला जायचं नसेल, तरी तिचं हृदय, तिची मूत्रपिंडं आणि तिचं पुढचं आयुष्य त्या एका तपासणीवर अवलंबून असू शकतं.

पुस्तकाच्या शेवटी वाढीचे तक्ते जोडले आहेत. पाच वर्षांपर्यंतचे जागतिक आरोग्य संघटनेचे, २००६ चे. पाच ते अठरा वर्षांचे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे, २०१५ चे, जे पुण्याच्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांच्या पुढाकारानं भारतीय मुलांच्या मोजमापांवरून तयार झाले. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत मोजमाप होतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येऊन जातं. पण अंगणवाडीचा आकडा शाळेत येत नाही, आणि यंदाचा आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी कुणी ठेवत नाही. म्हणून तक्ता घरी ठेवावा. आईच्या आणि बापाच्या उंचीची बेरीज करावी, मुलगा असेल तर १३ मिळवावे, मुलगी असेल तर १३ वजा करावे, आणि निम्मे करावे. तो अंदाज उजव्या कडेला पेन्सिलीनं टिपावा. मग दर सहा महिन्यांनी एक ठिपका. दोन ठिपके जोडणारी रेघ छापील रेघांना समांतर जात असेल तर तक्ता कपाटात ठेवून द्यावा. ती एक छापील रेघ ओलांडून खाली येत असेल तर पुढच्या सहा महिन्यांची वाट न बघता तक्ता घेऊन दवाखान्यात जावं, आणि मुलाची उंची डॉक्टरांना पुन्हा, अनवाणी, भिंतीला टेकवून मोजायला सांगावी.